आधी निर्मिती, मग आज्ञा

मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक त्यांचे आईवडील असतात, ही भूमिका कॅथलिक चर्चने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या महासभेच्या, शिक्षणविषयक जाहीरनाम्यात स्पष्टपणे मांडली. तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या विधीतही धर्मगुरू सर्वप्रथम आईवडिलांनाच विचारतात की, या मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी आपण घेत आहोत याची त्यांना जाणीव आहे का. एवढे स्पष्ट असूनही वसईसारख्या जुन्या आणि संघटित कॅथलिक समाजात ही जबाबदारी बहुतेक वेळा बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबरच सुकून जाते. मूल शाळेत जाऊ लागले की त्याला धर्मग्रामातील, म्हणजे स्थानिक चर्चच्या परिसरातील, रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात पाठवले जाते. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे पवित्र भाकर प्रथमच स्वीकारण्याच्या, वेळी त्याचा पांढरा पोशाख शिवला जातो, नातेवाइकांना जेवण दिले जाते, आणि श्रद्धाशिक्षण पार पडले असे घर मानते. जग कसे निर्माण झाले हा विषय मग शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडे जातो, आणि शरीराचा विषय मूल वयात आल्यावर भरणाऱ्या एखाद्या शिबिराकडे, किंवा त्याआधीच हाती आलेल्या मोबाइलकडे. श्रद्धा, निर्मिती आणि शुद्धता हे तीन विषय असे तीन दारांत वाटले गेल्यामुळे कॅथलिक शिकवणीत ते मुळात एकच आहेत, ही गोष्ट मुलापर्यंत कधी पोहोचतच नाही.

मराठीपुरते बोलायचे तर या वाटणीचा इतिहास बराच मागे नेता येतो. १५७९ साली गोव्यात आलेले जेझुइट धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभी गोव्याच्या साष्टी भागातल्या एका देवळातला, म्हणजे चर्चमधला, रविवारचा प्रसंग आहे. मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की, जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला ऐकायला दुसरे काही द्या. त्या मागणीला उत्तर म्हणून जे पुराण सुरू होते त्याचा पहिला भाग जगाच्या निर्मितीपासून निघतो, आणि आज्ञा, पाप व प्रायश्चित्त हे सारे त्या कथेच्या ओघात, कथेच्या कुशीतून येते. मुलांसाठी मात्र स्टीफन्स यांच्या नावावर जे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, गोव्याच्या भाषेत छापले गेले ते प्रश्नोत्तरांचे होते. मोठ्यांना कथा मिळाली आणि लहानांना पाठ करायची उत्तरे मिळाली. खरे तर वाटप उलटे व्हायला हवे होते. त्या काळच्या सगळ्या कॅथलिक जगात मुलांना असेच शिकवले जाई, त्यामुळे दोष एकट्या स्टीफन्स यांचा नाही, पण सवय आजवर टिकली आहे: वर्गात प्रश्नाचे ठरलेले उत्तर देणारे मूल हुशार ठरते, आणि स्वतःचा प्रश्न विचारणारे मूल वर्गाचा वेळ खाते.

आणि प्रश्न तर निर्मितीच्या पहिल्याच पानापासून सुरू होतात. बायबलच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी, तर मधले दिवस कशावर मोजले, हे सात वर्षांच्या मुलालाही सुचते. हाच प्रश्न पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनाही पडला होता आणि त्या ‘दिवसां’चा अर्थ चोवीस तासांचे दिवस असाच घ्यावा असा हट्ट त्यांनी धरला नव्हता, हे पालकांना माहीत असते तर मुलाला गप्प बसवण्याची वेळ आली नसती. मानवी देहाच्या उगमाबद्दल उत्क्रांतीच्या अंगाने संशोधन व चर्चा करण्यास पोप पायस बारावे यांनी १९५० साली, आत्मा थेट परमेश्वराकडून येतो ही श्रद्धा राखून, मोकळीक दिली. १९९६ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ गृहीतक उरलेला नाही असे मान्य केले. आणि विश्वाच्या प्रसरणाचा व आरंभीच्या महास्फोटाचा विचार ज्यांनी मांडला ते जॉर्ज लेमेत्र स्वतः बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती हा धडा आहे. केंद्रीय अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके काढणाऱ्या दिल्लीच्या एनसीईआरटीने मात्र दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढल्याचे २०२३ साली उघड झाले आणि त्यावर देशभरातील शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कॅथलिक कुटुंबातील मुलाला, ज्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, इंग्रजीत किंवा हिंदीत आणि शाळा केंद्रीय अभ्यासक्रमाची, हा विषय नीट ऐकायला मिळण्याची जागा म्हणून मग केवळ घर उरते. घराने सांगायचे ते फार अवघड नाही: बायबल सृष्टीची कृती सांगत नाही, ती कोणाला हवीशी होती ते सांगते, आणि जे निर्माण झाले ते चांगले आहे असे तेथे पुन्हा पुन्हा म्हटले आहे. त्या चांगल्या गोष्टींत माणसाचा देहही मोजलेला आहे.

शुद्धतेची शिकवण सुरू होते ती इथेच. शुद्धता म्हणजे ब्रह्मचर्य नव्हे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानुसार माणसाची लैंगिकता त्याच्या सबंध व्यक्तिमत्त्वात नीट सामावली जाणे म्हणजे शुद्धता, आणि म्हणून ती विवाहितांनाही लागू आहे. जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ ते १९८४ या काळात देहाविषयी जी प्रवचनमाला दिली तिचा आरंभ सहाव्या आज्ञेपासून, म्हणजे व्यभिचाराच्या मनाईपासून, झाला नाही, तर उत्पत्तीच्या अध्यायांपासून झाला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावरील आपल्या परिपत्रकात याच धाग्याला पुढे नेऊन म्हटले की, स्वतःचे शरीर देणगी म्हणून स्वीकारल्याशिवाय सारे जग देणगी म्हणून स्वीकारता येत नाही. हा क्रम लक्षात घेतला तर पाच-सहा वर्षांच्या मुलाचा शुद्धतेचा धडा आंघोळीच्या वेळीच चालू असतो: नाक-कान-गुडघ्यांप्रमाणे सर्व अवयवांची नावे न लाजता सांगणे, कपडे बदलताना दार लावून घेण्याचा त्याचा हक्क मानणे, पाहुण्यांना पापी द्यायला त्याच्यावर जबरदस्ती न करणे. याउलट आज्ञा आधी आणि निर्मिती नंतर, किंवा कधीच नाही, असे झाले की मूल एवढेच शिकते की शरीर ही काहीतरी घाण, बोलू नये अशी गोष्ट आहे. आणि हे चर्चने कधीही शिकवलेले नाही.

चर्चच्या मार्गदर्शनाचीही एक बाजू येथे तपासावी लागते. कुटुंबविषयक परमधर्मपीठीय परिषदेने डिसेंबर १९९५ मध्ये पालकांसाठी काढलेल्या पुस्तिकेत सुमारे पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंतच्या काळाला निरागसतेची वर्षे म्हटले आहे, आणि या काळात अनावश्यक लैंगिक माहितीने मुलाची शांती ढवळू नये असा सल्ला दिला आहे. ती माहिती वर्गात सर्वांना एकत्र देण्याऐवजी आईवडिलांनी एकेका मुलाला, त्याचे वय पाहून द्यावी, हा तिचा आग्रह शहाणपणाचा आहे. अत्याचाराचा विषय मात्र ती पुस्तिका मुख्यतः परक्या माणसांपासून सावध राहण्याच्या अंगाने हाताळते. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील मुलांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळांमधील लैंगिक शिक्षणाला राजकीय विरोध होऊन ते थांबले, म्हणजे शाळाही गप्प आणि घरही गप्प. ज्या निरागसतेचे रक्षण मौनाने करायचे तिला धोका घरच्या उंबऱ्याच्या आतूनच असेल, तर मौन मुलाच्या नव्हे, अपराध्याच्या कामी येते.

या मौनात वाढलेल्या मुलाला आदर्श म्हणून जी कथा सांगितली जाते ती बहुधा संत मरिया गोरेटी हिची. इटलीतल्या या शेतमजूर कुटुंबातील मुलीवर १९०२ साली शेजारच्या तरुणाने बलात्काराचा प्रयत्न केला, तिने प्रतिकार केला, त्याने तिला भोसकले आणि अवघ्या अकराव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. १९५० साली तिला संतपद मिळाले. ‘पाप करण्यापेक्षा तिने मरण पत्करले’ अशा शब्दांत ही कथा सांगितली की ऐकणाऱ्या मुलांपैकी ज्या एखाद्यावर अत्याचार झालेला असतो, आणि जे जिवंत आहे, त्याला आपण हरलो असेच वाटणार. पण हे तर थेट चर्चच्या परंपरेविरुद्ध आहे. रोमच्या ४१० सालच्या लुटीत बलात्कार झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांविषयी लिहिताना ऑगस्टीन यांनी ‘देवाची नगरी’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात निःसंदिग्धपणे म्हटले आहे की शुद्धता हा मनाचा गुण आहे आणि दुसऱ्याच्या जबरदस्तीने तो जात नाही. गोरेटीची कथा सांगायचीच असेल तर ती या वाक्यासकट सांगावी, आणि पाप कोणाचे होते हे नाव घेऊन सांगावे. ती केवळ मुलींना सांगण्याची रीतही मोडावी लागेल, कारण शुद्धतेची शिकवण मुलग्यांना मिळाली नाही तर तिचा सगळा भार मुलींच्या कपड्यांवर आणि घरी परतण्याच्या वेळेवर येऊन पडतो.

शेवटचा अडसर आज्ञाधारकतेचा आहे. कॅथलिक घरात धर्मगुरूंचा शब्द मोडू नये असे मूल बोलू लागल्यापासून ऐकते, आणि चर्चमधीलच काही धर्मगुरूंनी जगभर केलेल्या अत्याचारांनंतर हा धडा जसाच्या तसा देणे पालकांना आता परवडणारे नाही. कोणाचाही स्पर्श नको वाटला तर नाही म्हणायचे, यातल्या ‘कोणाचाही’मध्ये काका, शिकवणीचे सर आणि अल्तारावरचे फादरही येतात, हे मुलाला त्याच शब्दांत सांगावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थ यांना अत्याचाराची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक केले, पण भारतातल्या पालकाचे कर्तव्य तेवढ्यावर भागत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार, अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळेल त्या प्रत्येकाने ते पोलिसांना कळवायचे असते, आणि त्यातून धर्मग्रामाच्या इभ्रतीसाठी सूट मिळत नाही.