ओळ जशी आहे तशी

कॉल लागत नाही. सर्व्हरनं '400 बॅड रिक्वेस्ट' म्हणून निरोप परत धाडला आहे. कॉन्फिगरेशन इतक्यात उघडू नका. हात कीबोर्डवरून काढा, श्वास सावकाश सोडा. मग वायरशार्कमध्ये तो एकच मेसेज समोर घ्या.

कॉल जोडणारा एसआयपी प्रोटोकॉल म्हणजे साधा मजकूर. म्हणूनच तो न वाचताच कळल्यासारखा वाटतो. ती ओळख जरा बाजूला ठेवा. 2002 सालच्या आरएफसी 3261 नुसार प्रत्येक रिक्वेस्टमध्ये सहा हेडर हवेतच: व्हाया, फ्रॉम, टू, कॉल-आयडी, सीसेक, मॅक्स-फॉरवर्ड्स. एकेकाचं नाव मनात घ्या. तो सापडेपर्यंत पुढे सरकू नका.

आता कॉन्टॅक्ट हेडरपाशी थांबा. पत्त्यानंतर अर्धविराम, त्यापुढे 'ट्रान्सपोर्ट=टीसीपी'. पत्त्याभोवती कोनी कंस आहेत का? नसतील, तर अर्धविरामापुढचं सगळं हेडरचं झालं, पत्त्याचं राहिलं नाही. अशी ओळ तक्रारही करत नाही. पुढची रिक्वेस्ट मात्र भलत्या वाटेनं जाऊ शकते. तुम्हाला हेतू दिसतो, पार्सरला फक्त अक्षरं. या दोन्हींमधल्या अंतराकडे घटकाभर पाहत राहा. ज्यानं ही ओळ लिहिली, त्यालाही हेतूच दिसत होता.

मग कंटेंट-लेंग्थ, म्हणजे बॉडीच्या बाइटांचा आकडा. हेडर संपले की मोकळी ओळ, तिच्याखाली बॉडी. बाइट मोजा. आकडा जुळत नसेल तर लगेच फोनला दोष देऊ नका, वाट आठवा. मधल्या राउटरमधलं एसआयपी एएलजी (ॲप्लिकेशन लेयर गेटवे) मदत म्हणून बॉडीतला खासगी आयपी पत्ता बदलतं. नवा पत्ता आखूड निघाला आणि आकडा जुनाच राहिला, तर यूडीपीवर 400 येतो. टीसीपीवर सर्व्हर न आलेल्या बाइटांची वाट पाहत बसतो. फोनच्या बाजूनंही कॅप्चर घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. फरक कुठे पडला ते आपोआप दिसू द्या.

आता विचारा: यातलं दुरुस्त करणं माझं काम किती? त्याच आरएफसीत प्रॉक्सीसाठी एक संयम सांगितला आहे. डेट हेडर बिघडलेला असला, तरी तेवढ्यावरून रिक्वेस्ट नाकारायची नाही. जे आपल्या कामाचं नाही, ते न बदलता पुढे द्यायचं. एएलजीला नेमकं हेच जमलं नाही.

तेव्हा सर्व्हरवर ठिगळं लावत बसू नका. राउटरवरचं एएलजी बंद करा, फोनच्या कॉन्टॅक्टला कंस मिळतील असं पाहा, वेड्यावाकड्या तारखेला जाऊ द्या. मग कॉल लावा.