नाव मागनं

पहाटे साडेपाचला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली आमची गल्ली अर्धवट जागी असते. दुधाच्या किटल्या वाजतात, कुणीतरी अंगणात पाणी मारतं. मी कानात शुमान घालून बसतो. पियानो गल्लीत कुणाकडं नाही, पेट्या आहेत. गोविंदराव टेंब्यांनी पेटीला गायला लावलं, ते हेच गाव.

रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकारानं १८३८ साली, सत्ताविसाव्या वर्षी, पियानोसाठी तीसेक चिमुकल्या रचना केल्या आणि त्यातल्या १३ निवडून ‘किंडरझेनेन’ नावानं एकत्र बांधल्या. म्हणजे बाळपणीची दृश्यं. सगळी मिळून जेमतेम वीस मिनिटांची. मुलांनी वाजवावीत म्हणून ती लिहिलेली नाहीत. त्यासाठी त्यानं पुढं १८४८ साली वेगळा संच केला. ही मोठ्या माणसानं मागं वळून पाहिलेली.

रेल्श्टाब नावाच्या टीकाकाराला वाटलं, शुमाननं रडणारं पोर समोर बसवलं आणि त्याला साजेसे सूर शोधले. शुमान वैतागला. सूर आधी आले, नावं मागनं दिली, आणि तीही वाजवणाऱ्याला हलकी खूण म्हणून, असं त्याचं म्हणणं. पेठेत वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही. बारशाचं नाव रेशनकार्डावर राहतं. पोरगं जरा हुंदडायला लागलं, त्याची चाल कळली, की गल्ली त्याला ‘भिंगऱ्या’ म्हणते, आणि तेच नाव टिकतं.

माझा जीव चौथ्या रचनेत अडकलाय. नाव, ‘विनवणारं मूल’. मिनिटभराचीच. एकच लकेर पुन्हा पुन्हा, दुसऱ्या खेपेला आणखी हळू. कसं मागितलं तर मिळेल हे पोरांना बरोबर ठाऊक असतं. शेवटी सूर षड्जावर येऊन टेकत नाहीत, अधांतरी थांबतात. उत्तर पाचव्या रचनेत मिळतं. तिचं नावच ‘पुरेसं सुख’ अशा अर्थाचं.

आज नेमका तिथंच खालून आवाज आला. “आबा, मला बी न्या की रंकाळ्याला!”

मी एका कानातली तार काढली. आबा काही बोलेनात. स्कूटरला किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली.

“न्या की वो...”

“चढ.”

दुसऱ्या कानात पाचवी कधीच सुरू झाली होती.