खरवस आणि आईचे दूध

स्वयंपाकघराची विद्या आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. तिच्याबरोबर काही गैरसमजही वारशाने येतात. उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढली, असे आपण म्हणतो. त्याने कोणाचे ताट रिकामे होत नाही. मग अन्नाविषयीचा गैरसमज नीतीचा प्रश्न केव्हा ठरतो? ज्याची किंमत समज बाळगणारा नव्हे, तर दुसराच कोणी मोजतो, तेव्हा.

लातूर-नांदेडकडील खेड्यांत म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस घरोघर आवडीने खाल्ला जातो. परंतु बाळंतिणीचे पहिले, पिवळसर दूध मात्र 'जड' किंवा 'खराब' म्हणून पिळून टाकण्याची रीत अनेक घरांत चालत आलेली आहे. वस्तुतः रोगप्रतिकारक द्रव्यांनी ते समृद्ध असते. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वासराचा चीक आपण मोलाचा मानतो आणि लेकराचा टाकून देतो! तसेच, बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने गर्भवतीला कमी वाढले जाते. जी दोन जिवांची, तिचेच ताट अर्धे.

यात सासूचा दुष्टावा नसतो. बाळंतपणात दगावलेल्या लेकीसुना तिने पाहिलेल्या असतात. तिची भीती मायेपोटीच असते. तथापि सद्हेतूने सत्य बदलत नाही. जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, त्याविषयी हलगर्जीपणाने अज्ञानी राहिल्यास विवेकबुद्धीची चूक आपल्याला दोषमुक्त करीत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांचे प्रतिपादन आहे.

संत मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात, बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला अशुद्ध करीत नाही, असे प्रभू येशू शिकवतो. त्याच अध्यायात, देवाला अर्पण केल्याचे सांगून आईवडिलांच्या वाट्याचे अडवणाऱ्यांनाही तो खडसावतो. रीत सांभाळताना माणूस उपाशी ठेवणे त्याला मान्य नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात लंगरच्या पंगतीला श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष एकाच रांगेत बसून तेच अन्न घेतात. आपल्या घरात मात्र पुष्कळदा सून सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले जेवते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या रीती एकदा तपासाव्यात. आजीबाईंचा मान राखावा, आशाताईंचे आणि डॉक्टरांचेही ऐकावे. आणि आज रात्री जेवायला बसताना घरातील सुनेलाही पहिल्याच पंगतीला बसवावे.