घरातील कासव आणि गृहस्थाचा संयम

गृहस्थाश्रमी मनुष्य ज्या ज्या जिवाचा भार आपल्या शिरावर घेतो, त्या त्या जिवाविषयी त्याचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. गाय, बैल, कुत्रा, पोपट यांच्याविषयीचे ज्ञान वडीलधाऱ्यांच्या हाताखाली आपोआप मिळत असे. परंतु अलीकडे शहरांतील कित्येक घरांत काचेच्या पेटीत जे लहानसे हिरवे कासव दिसू लागले आहे, त्याच्याविषयी घरातील आजोबांनाही काही सांगता येत नाही. कोणी ते मुलाच्या हट्टाखातर आणतो, कोणी लक्ष्मी स्थिर राहावी म्हणून. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू होतात. ते काचेवर डोके आपटते, बोटाला चावते, तासन्‌तास दगडावर निपचित पडते, हात लावताच फुसकारते. मग गृहस्थ विचारतो, ‘याला वळण कसे लावावे?’ वळण नेमके कोणाला लावावयाचे, याचा विचार आधी झाला पाहिजे.

बाजारात मिळणारे हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. डोळ्यामागे तांबडा पट्टा असतो म्हणून त्याला लाल कानाचे कासव म्हणतात. विकत घेताना ते नाण्याहून थोडेसेच मोठे असते. पण मादी वाढून २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, आणि नीट सांभाळल्यास हा प्राणी ३० वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगतो. पहिलीतल्या मुलासाठी आणलेले कासव त्याच्या लग्नकार्यानंतरही घरात असेल, हे दुकानात कोणी सांगत नाही. (आपल्या देशातील नद्यातळ्यांतील बहुतेक कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभय दिलेले आहे, ती घरात ठेवणे हा अपराधच होय.)

कासव म्हटले की गीतेच्या वाचकाला दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे आठवणे स्वाभाविक आहे. तेथे ५८ व्या श्लोकात विषयांपासून इंद्रिये आवरून घेणाऱ्या पुरुषाला अंगे आत ओढणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. उपमा समर्पक खरी, परंतु ती एका अंगापुरतीच घ्यावयाची असते. मुखाला चंद्र म्हटले म्हणून मुखावर कोणी डाग शोधीत नाही. पेटीतले कासव मान आत घेते तेव्हा ते ज्ञानी झालेले नसते, भ्यालेले असते. त्याचा कणा आणि बरगड्या कवचाशी एकजीव झालेल्या असल्यामुळे त्याला आपल्यासारखी छाती फुगविता येत नाही. पोटाच्या स्नायूंनी आणि अवयवांच्या हालचालीने ते श्वासोच्छ्वास करते. घाईने अंगे आत ओढली की फुप्फुसांतील हवा एकदम बाहेर पडते. आपण ज्याला रागाचा फुसकारा म्हणतो तो हाच. ते कवच जिवंत हाडांचे असून त्याला स्पर्श कळतो, वेदनाही कळते. त्यावर रंग फासणे, नाव लिहिणे, काठाला भोक पाडून दोरी ओवणे, हे सारे कौतुकाच्या नावाखाली चालणारे क्रौर्य आहे.

अशा रीतीने त्याची एकेक ‘खोड’ पाहू गेले तर तिच्यामागे बहुधा आपलीच उणीव सापडते. दगडावर पडून राहणे हा आळस नव्हे. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही. अन्न पचावयाचे तर अंग तापले पाहिजे, आणि कवच घट्ट राहावयाचे तर उन्हातील अतिनील किरण मिळाले पाहिजेत. खिडकीच्या काचेतून हे किरण फारसे येतच नाहीत, म्हणून काचेआडचे ऊन पाहून समाधान मानणाऱ्या घरात कासवाचे कवच मऊ पडत जाते. उघडे ऊन द्यावे किंवा त्या कामाचा खास दिवा लावावा. मात्र उथळ भांड्यात भर दुपारी ठेवून विसरल्यास पाणी तापून ते प्राणास मुकते; जवळ सावली हवीच.

काचेवर आपटणेही असेच. समोर दिसते आणि जाता येत नाही, अशी वस्तू त्याच्या जातीने नदीत कधी पाहिलेली नाही. जागा अपुरी असेल, सोबतचे कासव छळत असेल, तर ही धडपड वाढते. मोठी टाकी द्यावी, दोघांना वेगळे करावे, काचेचा खालचा भाग बाहेरून कागदाने झाकावा. मोठी मादी अस्वस्थ होऊन मागच्या पायांनी उकरू लागली, तर तिला अंडी घालावयाची असू शकतात. नराचा सहवास नसतानाही तिला अंडी होतात. कोरडी माती मिळाली नाही तर ती पोटात अडकून जिवावर बेतते. येथे दटावणे व्यर्थ आहे, मातीचे घमेले हवे. आणि पाण्यात एका बाजूला कलंडून तरंगणारे, अन्न सोडलेले कासव बहुधा फुप्फुसाने आजारी असते. त्याला पशुवैद्याकडेच नेले पाहिजे.

माणूस दिसताच ते काचेशी येऊन पाय मारते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘किती माया लावली आहे याने!’ ओळखते हे खरे, पण ज्याच्या हातून अन्न पडते त्याला ओळखते. प्रत्येक येणारा-जाणारा चिमूटभर टाकतो, कासव लठ्ठ होते, पाणी नासते. पूर्ण वाढलेल्या कासवाला बहुधा एक दिवसाआड अन्न पुरते. येथे आवरावयाची आहे ती आपली घालण्याची हौस, आणि ती आवरणे वाटते तितके सोपे नसते.

अन्नाच्या संदर्भात एक अवघड प्रसंग शाकाहारी घरांत हटकून उभा राहतो. लहान वयाच्या या कासवाला कीटक, गांडुळे, मासळी असा जीवाहार लागतो; वय वाढेल तसे ते पाणवनस्पती व पाल्याकडे वळते, पण जीवाहार पूर्णपणे सोडीत नाही. दुकानांतील तयार खाद्यगोळ्यांतही बहुधा मासळीचा भुगा असतो. पुष्कळ घरांत त्याला भात, पोळी, पनीर घालतात आणि आपण अहिंसा पाळली असे समजतात. काही महिन्यांत कवच वाकडे होते, डोळे सुजून मिटतात. गांडूळ वाचले आणि कासव हळूहळू मेले, तर त्या अहिंसेचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा? माझे मत स्पष्ट आहे. आपला आहारनियम आपल्या ताटापुरता पवित्र आहे. तो दुसऱ्या योनीतील जिवावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याच्या घरात मासळीचा गोळाही चालत नाही त्याने कासव आणूच नये, आणि न आणणे हीच त्याची दया. आणलेलेच असेल तर त्याचे अन्न त्यालाच दिले पाहिजे. जाळीच्या उपवासावर ठेवलेले मांजर जसे सात्त्विक होत नाही, तसेच हे.

मुलांविषयीही सांगितले पाहिजे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला नावाचे जंतू असतात. हाताळून तोंडात बोटे घालणाऱ्या मुलांना त्यापासून गंभीर आजार होतो. म्हणूनच अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे. कासवाला उचलले जाणे आवडत नाही. त्याला आपण शिकारी पक्ष्यासारखेच वाटतो. मुलाने बसून पाहावे, आणि टाकीशी काम केल्यावर साबणाने हात धुवावेत. हात न लावता प्रेम करता येते, हे मुलाला कदाचित या प्राण्यापासूनच प्रथम कळेल.

शेवटी, ते मोठे झाले आणि घरादाराला नकोसे झाले की गृहस्थाला ‘मुक्त करण्याचे’ पुण्य आठवते. संध्याकाळी पिशवीत घालून ते मंदिराच्या तळ्यात सोडले जाते. हे दान नव्हे. परकीय उपद्रवी जातींपैकी सर्वांत वाईट अशा शंभरांच्या जागतिक यादीत या कासवाचे नाव आहे. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, त्यांच्यात रोग पसरवू शकते. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आसामात हाजो येथील हयग्रीव माधव मंदिराच्या तळ्यात मऊ कवचाची काळी कासवे भाविकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली. निसर्गातून ही जात नाहीशी झाल्याचे २००२ मध्ये जाहीर झाले होते. पुढे २०१९ मध्ये मंदिरातील अंड्यांपासून वाढविलेली पिल्ले पोबितोरा अभयारण्याच्या परिसरात सोडता आली. त्याच आसामात, गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात, हे लाल कानाचे कासवही सापडले आहे. कोणीतरी श्रद्धेनेच सोडले असेल.

ज्याला ते खरोखरच सांभाळवत नाही, त्याने टाकी व दिव्यासह ते जाणत्या पालकाच्या स्वाधीन करावे. असा माणूस मिळेपर्यंत भार आपलाच. वयोवृद्ध दांपत्यांनी तर आपल्यामागे ते कोणाकडे जाईल हे आताच ठरवून ठेवावे, आणि ज्याच्याकडे द्यावयाचे त्याला त्याचा आहार, दिव्याची वेळ आणि पाणी बदलण्याचा क्रम कागदावर लिहून द्यावा.