बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

भोपाळच्या मराठी घरांत पंडिता रमाबाईंना समाजसुधारक म्हणून ओळखतात. त्यांच्या श्रद्धेच्या वाटचालीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ख्रिस्ताचे शिष्यत्व माणसात कसे मुरत जाते, हे समजायला ती वाटचाल मोलाची आहे.

वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरत. व्रते, उपासतापास, दानधर्म, कशातच कसूर नव्हती. पुढे दुष्काळ पडला आणि 1874 साली आईवडील दोघेही गेले. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. ठेंगण्या रमाबाईंनी आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला. सगळे यथासांग करूनही हाती काही लागले नाही, तेव्हा त्यांचा जुन्या श्रद्धेवरचा विश्वास उडाला. ही उदासीनता प्रामाणिक होती.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या धर्मभगिनी मायेने सांभाळत होत्या, याने त्या हलल्या. पण प्रत्येक तत्त्व त्या तर्काला घासून पाहत आणि पटले नाही तर गुरुजनांशीही वाद घालत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे पुढे त्यांनीच लिहून ठेवले आहे. मनाची पूर्ण शरणागती आली ती 1891च्या सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी.

त्या शरणागतीचा कस 1896-97च्या दुष्काळात लागला. रमाबाई मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या आजच्या मध्य प्रदेशाच्या मुलखात आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली व तरुण विधवा सोबत घेऊन गेल्या. दुष्काळाने पोरकी केलेली मुलगी दुष्काळातल्या पोरक्यांची आई झाली. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे मुली शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकच्या आधाराने बायबल सोप्या मराठीत आणले, आणि त्याचे खिळे सदनातल्या बायकांनीच जुळवले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्या हेच काम करता करता.

श्रद्धा गमावलेला माणूस निदान शोधात तरी असतो. खरा धोका आहे तो नाव नोंदवून, उपासनेला हजेरी लावून निर्धास्त झालेल्यांना. रमाबाई बाप्तिस्म्यापाशी थांबल्या असत्या, तर एक विदुषी ख्रिस्ती झाली एवढीच नोंद उरली असती. त्या थांबल्या नाहीत, म्हणून शेकडो मुली जगल्या.

भोपाळहून मनमाड-दौंडमार्गे पुण्याला जाणारी गाडी केडगाववरूनच जाते. तिथले मुक्ती मिशन आजही चालू आहे. एकदा तरी ते जाऊन पाहा.