पैसे देऊन येणारा अतिथी



आजपासून कठोपनिषद वाचायला घेतलंय. पहिली वल्ली. नचिकेत आणि यमाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, म्हणून आपण घाईनं तिसऱ्या वराकडे, मृत्यूनंतर काय उरतं या प्रश्नाकडे धावतो. मीही दरवेळी तसंच करत आले. या वेळी मात्र पहिल्याच पानावर अडकले. कारण सांगते, थोडं लाजेचं आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही गुहागरच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. मुलं पुण्यात, घर मोठं, दरवर्षी कौलं चाळायचा खर्च, तो काही पेन्शनमधून निघेना. ह्यांनी निवास व न्याहारी योजनेचा अर्ज भरला. भाच्यानं फोटो काढून खोल्या इंटरनेटवर टाकल्या. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, वहीत नाव-गाव लिहायचं, परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती कळवायची, हे सगळं शिकून घेतलं. भाडं ठरलं, दोघांचं एका रात्रीचं १,८०० रुपये, सकाळच्या न्याहारीसह.

खोल्या सजवायच्या म्हटल्यावर मी काय केलं? आमच्या खाटांवर नव्या गाद्या आणल्या आणि जुन्या कापसाच्या गाद्या पाहुण्यांच्या खोलीत टाकल्या. पंधरा वर्षांत पिंजून न घेतलेल्या, गोळे झालेल्या. वरून छान चादर घातली. न्हाणीघरात चिरलेली बादली ठेवली, चहाला कान तुटलेले दोन कप. "दोन दिवसांपुरते तर येतात, चालून जाईल," असं मी ह्यांना म्हणाले. फोटोत गादीचे गोळे दिसत नाहीत.

पौषात सत्तरीचं एक जोडपं आलं. व्याडेश्वर त्यांचं कुलदैवत, दर्शनाला आले होते. पहिल्या सकाळी मी घावन आणि नारळाची चटणी घेऊन गेले, तर खाटेवरची चादर तशीच, सुरकुतीसुद्धा नाही. पडवीतली चटई आत आणून दोघं खाली झोपले होते. खुंटीला काकूंचा कमरेचा पट्टा लटकत होता. काका हसून म्हणाले, "आम्हाला खालीच झोपायची सवय आहे हो, ताई."

मला कळलं. पण मी बोलले नाही. बदलून द्यायला आमची नवी गादी शेजारच्याच खोलीत होती, तीही उचलून आणली नाही. दोन रात्रींचे ३,६०० रुपये घेतले, हातावर कोकमाची पिशवी ठेवली, त्यांना निरोप दिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाच तारे दिले आणि लिहिलं, घरच्यासारखं वाटलं. ते मी आळीत चार जणींना दाखवलं. दाखवताना छान वाटत होतं आणि आत कुठंतरी टोचतही होतं.

आता उपनिषदाचं पहिलं पान बघा. नचिकेताचे वडील यज्ञात सर्वस्व दान करतायत. गाई निघाल्या आहेत. पण कसल्या गाई? ज्यांचं पाणी पिऊन झालं, गवत खाऊन झालं, दूध देऊन झालं, अशा. मोजायला गेलं तर गाई पुऱ्या. विधीत कुणी चूक काढणार नाही. फक्त त्या पोराला ते पाहवत नाही, आणि असं दान करणारा आनंद नसलेल्या लोकात जातो, असा विचार त्याच्या मनात येतो. मग तो विचारतो, मला कुणाला देणार?

हे वाचताना मला त्या गाईंच्या जागी माझ्या गाद्या दिसल्या. मीही लिहिलं होतं, दोन खाटा, दोन गाद्या. त्यातला शब्द खोटा नव्हता.

तुम्ही म्हणाल, ताई, दान वेगळं आणि भाडं वेगळं. पैसे मोजून येणाऱ्याला कसलं अतिथी म्हणायचं? हा प्रश्न मलाही बरेच दिवस पडला होता. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, असं आपण शिकलो. आमच्याकडे येणाऱ्याची यायची तिथी ठरलेली, जायची ठरलेली, पैसे आगाऊ जमा. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आईवडिलांना, आचार्यांना आणि अतिथीला देव मानायला सांगितलंय. तो उपदेश इथे लागू होतो का?

मला आता वाटतं की प्रश्न उलटा धरला पाहिजे. पैसे न घेता कुणी आलं, तर आपण म्हणतो, आहे ते गोड मानून घ्या. घरात भाकरी आणि कांदा असेल तर तोच वाढतो, आणि त्यात काही कमीपणा नाही, कारण आहे ते सगळं आपण पुढे ठेवलेलं असतं. पण ज्यानं १,८०० रुपये मोजलेत त्याला गोड मानून घ्या म्हणणं ही नम्रता नाही, ती लबाडी आहे. पैसे घेतल्यानं माझं देणं संपलं असं मी समजत होते. खरं तर ते तिथून सुरू झालं. निदान जे विकलं ते तरी नीट द्यायला हवं, आदरातिथ्य त्याच्या पुढचं. मी मात्र विकलेल्या गोष्टीत कसर ठेवून वर कोकमाची पिशवी दिली, आणि तिलाच पाहुणचार म्हणत होते.

दुसरी एक शंका असते. चांगलं वागायचं ते ताऱ्यांसाठी, मग त्यात धर्म कुठला? पण यमाच्या घरी काय झालं पाहा. तो घरी नव्हता आणि नचिकेत तीन रात्री त्याच्या दारात उपाशी राहिला. यम परतल्यावर त्याला सांगितलं जातं की ज्याच्या घरी अतिथी उपाशी राहतो त्याच्या आशा, पुण्य, मुलंबाळं, गुरंढोरं सगळं जातं. म्हणजे भीती तिथेही आहे! सुरुवात भीतीनं झाली तरी चालेल, असंच मला वाटतं. हिशोबही तिथे आहे. तीन रात्री उपाशी राहिलास, म्हणून तीन वर. रात्री मोजून भरपाई. पण यम आधी नमस्कार करतो आणि झालेली चूक स्वतःच्या तोंडानं मोजतो. साक्षात मृत्यू एका पोरासमोर यजमान म्हणून वाकतो. मी गादीबद्दल चार शब्द बोलू शकले नव्हते.

म्हणून मागच्या एकादशीला मी काकांना फोन केला. गादी खराब होती, मला माहीत होतं, एका रात्रीचे पैसे परत पाठवते, असं सांगून टाकलं. ते आधी नाही नाही म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "हिची कंबर त्या रात्री फार दुखली, ते मात्र खरं." पैसे त्यांनी घेतले नाहीत. ते एक वाक्य मात्र मला मिळायलाच हवं होतं. ते पाच तारे अजून तसेच आहेत, मला पुसता येत नाहीत. ते आता उसने घेतल्यासारखे वाटतात. फेडायचे पुढच्या माणसाकडे.

त्या गाद्या पिंजायला दिल्या. त्या परत आल्यावर आम्ही दोघं दोन रात्री पाहुण्यांच्या खोलीतच झोपलो. तेव्हा समजलं की खिडकीची एक झडप वाऱ्यानं रात्रभर आपटते. तीही नीट करून घेतली. आता नियम ठेवलाय, ज्या खाटेवर मी झोपले नाही ती कुणाला द्यायची नाही.

तुमच्या घरी खोल्या भाड्यानं द्यायच्या नसतीलही. पण दूध न देणारी गाय प्रत्येकाच्या गोठ्यात एखादी असतेच. कुणाला दिलेला उरलेला वेळ, कुणाला दिलेला अर्धा कान, नोकरीत उरकलेलं काम. आज संध्याकाळी दिवा लावताना एवढंच आठवून पाहू या, आपण नावाला दिलं आणि खरं आपल्याकडेच ठेवलं असं काय काय आहे.

उद्या पहिला वर. नचिकेत सगळ्यांत आधी काय मागतो, तर वडिलांचा राग शांत होऊ दे. त्यावर उद्या बोलू.

राम कृष्ण हरी.