पहाटेचे स्वप्न आणि परतणारा सूर्य

शंका : माझ्या माहेरी टिळक पंचांग आहे, तिथे संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. सासरी 14 किंवा 15ला. आता मुलगा शाळेतून शिकून आला की उत्तरायण 22 डिसेंबरलाच सुरू होते. मग सुगड कधी पुजायचे? आणि खोटे कोण बोलते आहे? (रत्नागिरी)

समाधान : खोटे कोणीच बोलत नाही, ताई. मुलाचे म्हणणे तर अगदी बरोबर आहे. सूर्य दक्षिणेकडे सरकायचा थांबतो आणि माघारी वळतो तो 21-22 डिसेंबरला. हे पाहायला पंचांगसुद्धा लागत नाही. मी पुण्यात गच्चीवर एक मीटरची काठी उभी करून सावली मोजतो. 22 डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास, म्हणजे सूर्य डोक्याच्या जास्तीत जास्त जवळ असताना, ती 90 सेंटिमीटर भरते. वर्षातली ही सर्वांत लांब माध्यान्हसावली. 14 जानेवारीला तीच 83 वर आलेली असते. म्हणजे आपण तिळगूळ वाटतो तेव्हा सूर्य परतीला लागून तीन आठवडे झालेले असतात.

घोळ होतो तो दोन गोष्टी एक मानल्यामुळे. उत्तरायण म्हणजे सूर्याचे वळणे. मकरसंक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर त्याने मकर राशीत शिरणे. सुमारे 1700 वर्षांपूर्वी या दोन्ही घटना एकाच सुमारास घडत. अयनाची जागा बदलल्याचे वराहमिहिराने सहाव्या शतकातच ओळखले होते. पूर्वी अयन धनिष्ठेच्या आरंभी होत असे, आता मकरेच्या आरंभी होते, असे त्याने नोंदवले आणि शंका असेल त्याने प्रत्यक्ष पाहून खात्री करावी असेही सांगितले. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असल्यामुळे हे अयनबिंदू साधारण 72 वर्षांत एक अंश मागे सरकतात. आज हे अंतर 24 अंशांच्या आसपास आहे. टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ वेगळ्या ठिकाणी मानते, म्हणून त्यांची संक्रांत चार दिवस आधी. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून 1957 साली जी राष्ट्रीय दिनदर्शिका आली, तिने सूर्याचे प्रत्यक्ष वळणेच धरले. तिच्यात पौषाचा पहिला दिवस 22 डिसेंबरला येतो.

सुगड सासरच्या रीतीने पुजा. मुलाला मात्र एक काठी आणि मोजपट्टी द्या. घरात असे विचारणारे मूल असणे ही फार चांगली गोष्ट आहे.

शंका : वय 43, लग्नाला अठरा वर्षे झाली. संसारात काही कमी नाही. पण डिसेंबर लागल्यापासून पहाटे एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडते. कॉलेजात असताना ज्याच्याविषयी मला ओढ होती, तो आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेला असतो. मी त्याला तव्यावरची गरम भाकरी वाढते. तो खातो आणि माझ्याकडे बघतो, बाकी काही नाही. जाग येते तेव्हा मन आनंदलेले असते आणि मग दिवसभर लाज वाटत राहते. पहाटेचे स्वप्न खरे होते म्हणतात. एका ज्योतिषांनी माझ्या पत्रिकेत शुक्र-राहू युती आहे असे सांगून महागडा खडा सुचवला. माझ्या हातून पाप घडते आहे का? नवऱ्याला सांगावे का? (सांगली)

समाधान : पाप घडत नाही. हे आधी वाचा, मग पुढचे.

स्वप्नांचा विचार आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो तुम्हाला घाबरवणाऱ्यांपेक्षा कितीतरी समंजस आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत : पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि वातादी दोषांमुळे पडणारे. यातले पहिले पाच निष्फळ समजावेत, असे तो ग्रंथ वैद्याला बजावतो. इच्छिलेल्या स्वप्नाला तिथे ‘प्रार्थित’ असा शब्द आहे. किती हळुवार शब्द आहे पाहा! मनाने जे मागितले तेच झोपेत दिसले, इतकाच त्याचा अर्थ. त्यात भविष्य नाही आणि अपराधही नाही.

पहाटेचे म्हणाल, तर ज्या झोपेत आपण सर्वाधिक स्वप्ने पाहतो, ती झोप रात्र सरत येते तशी लांबत जाते. त्यातूनच जाग आली की स्वप्न आठवते. मध्यरात्रीचे आठवत नाही. शिवाय या दिवसांत आपल्याकडे रात्र तेरा तासांची असते. उत्तरायण लागले तरी सकाळ लगेच लवकर होत नाही, मुंबईत सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराकडेच सरकत राहतो. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने. अंधाऱ्या, थंड पहाटे पांघरुणात स्वप्न रेंगाळले, तर त्याचे नवल वाटून घेऊ नका.

आता पत्रिका. मी स्वतः या शास्त्राचा अभ्यास करतो, म्हणून मनापासून लिहितो. चंद्र मनाचा कारक आणि शुक्र कामाचा, हे खरे. पण तुमच्या जन्मपत्रिकेतली शुक्र-राहू युती तुम्ही जन्मलात तेव्हापासूनची आहे. ती त्रेचाळीस वर्षे गप्प होती आणि या डिसेंबरात बोलू लागली, हे कसे? ग्रहाने कारण सांगावे आणि खड्याने ते काढून घ्यावे, असा हा व्यवहार नाही. खडा घेऊ नका. ते पैसे घरात राहू द्या.

राहिली इच्छा. तिला आपल्या परंपरेने घराबाहेर काढलेले नाही. धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चौघांत तिची जागा ठरलेली आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात श्रीकृष्ण, धर्माला न दुखावणारा काम म्हणजे मीच, असे सांगतो. संक्रांतीच्या आदल्या दिवसाचे नावच भोगी. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वांगी-हरभरा-गाजर-घेवड्याची ती मिसळीची भाजी, वर लोणी, आणि ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ हा आग्रह. जिभेची इच्छा जिथे सणाच्या ताटात वाढली जाते, तिथे मनाची इच्छा झोपेत डोकावली म्हणून लाजण्याचे कारण काय? आचरणाचा प्रश्न जागेपणी सुरू होतो. त्या माणसाचा फोन नंबर शोधलात, निरोप पाठवलात, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा मी वेगळे उत्तर देईन.

मात्र तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनतीनदा वाचले. तो खातो आणि तुमच्याकडे बघतो. अठरा वर्षे तुम्ही भाकऱ्या थापत आहात. खाताना तुमच्याकडे बघणारे घरात कोणी उरले आहे का? स्वप्नातला माणूस बहुधा निमित्त आहे. यजमानांना स्वप्न सांगू नका, त्यांना विनाकारण सल लागेल. पण ‘मला तुम्ही शेजारी बसून, माझ्याकडे बघून जेवायला हवे आहात’ हे जरूर सांगा. संकोच वाटेल, तरी सांगा. यंदाच्या भोगीला मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवून दोघांनी एका वेळी पानावर बसा.

शंका : पौषात मुलीच्या लग्नाची बोलणी केली तर चालतील का? (सोलापूर)

समाधान : चालतील. पौषात लग्न न लावण्याची रीत आहे, ती पाळायची तर मुहूर्त माघातला धरा. माणसे बघणे, बोलणे, घरी येणे-जाणे याला कोणताच महिना वर्ज्य नाही.

शंका : वडील 88 वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. ‘आता पुरे, मला नळ्या लावू नका’ असे ते शुद्धीवर असताना स्वच्छ सांगतात. थोरले काका मात्र म्हणतात, दक्षिणायनात प्राण गेला तर सद्गती नाही, काहीही करून संक्रांतीपर्यंत ठेवा. भीष्मांनीही वाट पाहिलीच होती. काय करावे सुचत नाही. (नाशिक)

समाधान : तुमचे पत्र वाचून मन भरून आले. उपचारांचा निर्णय डॉक्टरांशी बसून, वडिलांचे शब्द पुढे ठेवून घ्या. शास्त्रापुरते मी सांगतो.

भीष्मांनी वाट पाहिली, कारण इच्छामरणाचा वर त्यांना होता. ती वाट त्यांनी स्वतः पाहिली. दुसऱ्या कोणी त्यांना थांबवून ठेवले नव्हते. तुमच्या वडिलांची इच्छा अगदी उलट आहे आणि तीही तितक्याच स्पष्ट शब्दांतली. काका भीष्मांचे नाव घेतात, तर मरणाऱ्याच्या इच्छेला मान हाच त्या कथेचा गाभा आहे, हे त्यांना नम्रपणे दाखवा.

दक्षिणायनाचा प्रश्न ब्रह्मसूत्रांत चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात थेट घेतला आहे. ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याला ज्ञानाचे फळ मिळतेच, असा तिथला निर्णय आहे. भीष्मांविषयी शंकराचार्य म्हणतात की त्यांचे थांबणे लोकाचाराच्या रक्षणासाठी आणि पित्याच्या प्रसादाने मिळालेली इच्छामृत्यूची शक्ती दाखवण्यासाठी होते. गीतेच्या आठव्या अध्यायातल्या उत्तरायणाचा अर्थही आचार्य त्या मार्गावरील देवता असा घेतात, कॅलेंडरवरचे सहा महिने असा नाही. आणि काकांचा हट्ट उत्तरायणाचाच असेल, तर ते आकाशात 22 डिसेंबरलाच लागते, हे वर लिहिलेच आहे.

काकांवर रागावू नका. धाकटा भाऊ जातो आहे, याची त्यांना भीती वाटते. त्यांना वडिलांच्या उशाशी बसवा, हात हातात घेऊ द्या. आणि त्यांची वारकऱ्यांवर श्रद्धा असेल, तर एवढेच विचारा की ज्ञानोबामाउलींनी आळंदीला समाधी कधी घेतली. शके 1218, कार्तिक वद्य त्रयोदशी. तेव्हा दक्षिणायनच चालू होते.